टेकडीवरची वेधशाळा

मराठीत 'वेध' हा शब्द मोठा गमतीचा आहे. ग्रहण लागायचे असले की आधी वेध लागतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी वेधांत पाण्याचा घोटही घेत नाहीत. सासुरवाशिणीला माहेरचे वेध लागतात, शाळकरी पोरांना सुट्टीचे लागतात, आणि आश्विन उजाडला की साऱ्या घरादाराला दिवाळीचे लागतात. नेमबाज लक्ष्याचा वेध घेतो. जे अजून हाताशी आलेले नाही त्याच्याशी नजर आणि मन बांधले जाणे, तो वेध. ज्या घरात बसून माणसे आभाळाशी अशी नजर बांधतात, ती वेधशाळा. इतका सुंदर शब्द. पण व्यवहारात त्याचा अर्थ, बाहेर पडताना छत्री न्यावी की नेऊ नये हे सांगणारे खाते, एवढाच उरला आहे!

या शब्दाकडे माझे लक्ष वळवले ते आमच्या कन्येने. ती अकरावीत आहे आणि अभ्यासाच्या पुस्तकांहून चौपट जाड अशा अद्भुत कादंबऱ्या वाचते. त्या कादंबऱ्यांतल्या जगाला नकाशा असतो, राजघराणी असतात, आणि बहुतेक वेळा एक डोंगर असतो. डोंगरावर एक पडकी वेधशाळा. ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, आणि तिथला विद्वान राजा एके दिवशी कुठे नाहीसा झाला, हे कोणाला ठाऊक नसते. मग नायकाला एक जुना कागद सापडतो, आणि पुढची चारशे पाने आमच्या घरात जेवणाची वेळ कोणी पाळत नाही.

"बाबा, असं खरंच कुठे असेल का हो?" तिने एकदा विचारले.

मी म्हटले, "आहे. वेधशाळा आहे, राजा आहे, खून आहे आणि जुना कागदसुद्धा आहे. डोंगर मात्र जरा बुटका आहे."

ती गोष्ट मी तिला तीन रात्री सांगितली. या सदराच्या वाचकांना एका बैठकीत सांगतो. दिवाळीत तेवढी सवड असते.

आजच्या उझबेकिस्तानात समरकंद नावाचे प्राचीन शहर आहे. तैमूरलंगाची ही राजधानी. १३९८ मध्ये दिल्ली लुटून जाणारा तो हाच तैमूर. त्याची छावणी मोहिमेवर असताना, इराणातल्या सुलतानिया गावी, २२ मार्च १३९४ रोजी त्याला एक नातू झाला. नाव ठेवले मुहंमद तरागाय. पण जगात तो ओळखला गेला उलुघ बेग या नावाने. उलुघ बेग म्हणजे थोर सरदार, थोरला राजा. आपल्याकडे पाळण्यातल्या नावापेक्षा 'दादासाहेब' हेच नाव कायम व्हावे, त्यातला प्रकार.

तैमूर १४०५ मध्ये वारला. पुढे उलुघ बेगाचे वडील शाहरुख हेरातेहून राज्य पाहू लागले आणि १४०९ मध्ये त्यांनी समरकंद या मुलाच्या हाती दिले. तेव्हा त्याचे वय पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे आमच्या कन्येएवढे. आजोबांनी मुलूख मोजला होता. नातवाने आभाळ मोजायचे ठरवले. १४१७ ते १४२० या काळात त्याने समरकंदच्या मुख्य चौकात एक मदरसा, म्हणजे त्या काळचे महाविद्यालय, उभारले. तिथे गणित आणि खगोलही शिकवले जाई. आणि मग १४२०च्या दशकात शहराबाहेर ईशान्येला, कूहक नावाच्या टेकडीच्या अंगाला, त्याने वेधशाळा बांधली. कूहक या फारसी शब्दाचा अर्थच लहानसा डोंगर. कादंबरीतल्या हिमशिखरांपुढे तो फिका पडेल. पण त्या टेकडीवरून माणसांनी जेवढे लांबचे पाहिले तेवढे अनेक शिखरांवरून कोणी पाहिलेले नाही.

इथे एक अडचण येते. दुर्बीण निघाली १६०८-०९ च्या सुमारास. म्हणजे या वेधशाळेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. मग ही मंडळी पाहत होती कशाने? नुसत्या डोळ्यांनी. आणि मोजत होती कशाने? हे मला आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांनी समजावले, तेही स्टाफरूममध्ये, चहाच्या बशीचा उपयोग करून.

मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक डोळ्यांपुढे आणा. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. त्या अंशाचा साठावा भाग, ज्याला कला म्हणतात, तो त्यावर कोणाला दाखवता येईल? पण तोच कोनमापक जर इमारतीएवढा केला तर? उलुघ बेगाने तेच केले. त्याच्या मुख्य यंत्राची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. त्यावर एक अंश सुमारे ७० सेंटिमीटरांचा, म्हणजे सव्वादोन फुटांहून थोडा अधिक, आणि एक कला जवळजवळ १२ मिलिमीटरांची. कला बोटाने दाखवता येऊ लागली! एवढे मोठे वर्तुळ जमिनीवर उभे करायचे तर इमारत आभाळाला टेकेल. म्हणून त्याचा खालचा भाग टेकडीच्या खडकात खोल खंदक खणून बसवला आणि वरचा भाग इमारतीत चढवला. वेधशाळा अशी अर्धी जमिनीत, अर्धी आभाळात. दक्षिणोत्तर अगदी रेषेत धरलेला हा प्रचंड कंस, आणि वर उंचावर एक छिद्र.

बरोबर माध्यान्ही त्या छिद्रातून सूर्याचा कवडसा अंधारात उतरे आणि कंसावर पडे. तो कोणत्या अंशावर, कोणत्या कलेवर पडला याची नोंद करायची. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की कवडसा खाली खंदकात उतरायचा. हिवाळ्यात सूर्य कलला की कंसावर वर चढायचा. वर्षातले सर्वांत खालचे टोक आणि सर्वांत वरचे टोक मिळाले की पृथ्वीच्या आसाचा कल निघतो. कवडसा त्याच जागी पुन्हा कधी आला याचा नेटका हिशेब वर्षानुवर्षे ठेवला की वर्षाची लांबी निघते.

हे मी घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "यात काय नवीन? आमच्या कोकणातल्या घरी माजघरात कौलांतून कवडसा पडायचा. तो उंबऱ्याशी आला की आजी भाताचं आधण ठेवायची." मला हे फार पटले. तत्त्व एकच. फरक इतकाच, की आजीला भात हवा होता आणि समरकंदवाल्यांना वर्ष हवे होते. म्हणून आजीचे भागले उंबऱ्यावर आणि त्यांना खडक खणावा लागला.

या वेधशाळेत माणसे कोण होती? एक होते जमशीद अल-काशी. आमच्या काशीक्षेत्राशी त्यांचा संबंध नाही. इराणातल्या काशान गावचे म्हणून काशी. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे जे गुणोत्तर शाळेत आपण २२ भागिले ७ म्हणून पाठ करतो, ते या गृहस्थाने १४२४ मध्ये दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत काढले. दुसरे काझीजादा रूमी. समरकंदच्या मदरशाचे वडील अध्यापक. तिसरा अली कुशजी. कुशजी म्हणजे पक्षी सांभाळणारा. त्याचे वडील राजाचे ससाणे सांभाळत. पक्षिपालाचा मुलगा राजाच्या शेजारी बसून तारे मोजू लागला, ही गोष्ट त्या काळातली आहे, हे ध्यानात घ्यावे.

काशींनी समरकंदहून आपल्या वडिलांना पत्रे लिहिली. परगावी नोकरीस गेलेल्या मुलाने घरी लिहावीत तशीच ती आहेत. इथले लोक कसे आहेत, माझी विद्या इथे कशी कसाला लागली, राजाची मर्जी कशी आहे. त्यांत राजाविषयीचा जो मजकूर आहे तो वाचून मी, एक साधा प्राध्यापक, उठून उभाच राहिलो. राजा चर्चेला बसे. कोणी नुसत्या अदबीने "हो महाराज" म्हणून मान डोलावली की त्याला ते खपत नसे. समजल्यावाचून हो म्हणू नये, हा त्याचा दंडक. इतकेच नव्हे, तो कधी मुद्दाम चुकीचे प्रमेय मांडी, आणि कोणी भिडेखातर ते मान्य केले की मागाहून तोच विषय काढून त्याची हजेरी घेई! आमच्या वर्गात माना डोलावणारे साठ आहेत. हा प्रयोग करून पाहावा असे अनेकदा मनात येते. पण राजाची नोकरी कायम होती.

काझीजादांची एक गोष्ट सांगतात. उलुघ बेगाने एकदा मदरशातल्या एका शिक्षकाला कामावरून दूर केले. दुसऱ्या दिवसापासून काझीजादांनी शिकवायला येणे बंद केले. आजारी आहेत की काय म्हणून राजा स्वतः त्यांच्या घरी गेला. काझीजादा म्हणाले, की मी अध्यापनाची जागा पत्करली ती, या जागेवरून कोणाला काढता येत नाही, असे समजून. तसे नाही हे कळले, म्हणून घरी बसलो. राजाने त्या शिक्षकाला परत बोलावले. गोष्ट खरी असो वा रचलेली असो. ज्या राजाविषयी लोक अशी गोष्ट रचतात, तोही राजा म्हणायचा.

या साऱ्या खटाटोपातून १४३७ मध्ये एक ग्रंथ सिद्ध झाला. फारसीत अशा ग्रंथाला 'झीज' म्हणतात. आपल्याकडचा 'करणग्रंथ' त्याच्या जवळ जाणारा. ग्रहांची कोष्टके, कोनांच्या ज्यांची कोष्टके आणि १०१८ ताऱ्यांची यादी. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ताऱ्यांची यादी केली होती, आणि मधल्या बाराशे वर्षांत बहुतेकांनी तीच पुढे चालवली. उलुघ बेगाच्या मंडळींनी तारे पुन्हा मोजले. यादीतले २७ तारे इतके दक्षिणेकडचे होते की समरकंदच्या क्षितिजावर ते येतच नाहीत. ते मात्र त्यांनी दहाव्या शतकातल्या अल-सूफीच्या ग्रंथातून घेतले आणि तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवले. आपण न पाहिलेले पाहिले म्हणून सांगितले नाही. त्यांनी काढलेले नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंदांचे. आजच्या मोजमापाशी ताडून पाहिले तर फरक एका मिनिटाच्याही आत! हातात दुर्बीण नाही, घड्याळ म्हणावे असे घड्याळ नाही. एक कवडसा, एक खंदक आणि सवड.

सवड हा शब्द मी जाणून लिहिला. आपल्या घरांत शनीचा धाक फार. साडेसातीचे गणित आजीबाईंनाही येते. शनी एका राशीत अडीच वर्षे, तीन राशींची मिळून साडेसात. मग हेच गणित पुढे न्या: बारा राशींना तीस वर्षे. म्हणजे ज्याला शनीचा एक पूर्ण फेरा डोळ्यांनी पाहून टिपायचा आहे त्याला वयाची तीस वर्षे द्यावी लागतात. उलुघ बेगाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, १२५९ मध्ये, इराणात मराघा येथे अशीच एका टेकडीवर वेधशाळा उभी राहिली. बांधवून घेणारा हुलागू खान. त्याने आदल्याच वर्षी बगदाद धुळीला मिळवले होते. नसिरुद्दीन तूसी या थोर ज्योतिर्विदाने त्याला सांगितले, की कामाला तीस वर्षे लागतील. खान म्हणाला, बारा वर्षांत करा. राज्यकर्त्यांची ही घाई आपल्याला परकी नाही. उलुघ बेगाचे वेगळेपण इथे आहे. त्याने घाई केली नाही, कारण मोजणारा तो स्वतःच होता. घोड्यावर बसल्या बसल्या तो तोंडी गणिते करी, असे काशींनीच वडिलांना कळवले आहे. समरकंदात तो चाळीस वर्षे होता. शनीचा फेरा पुरा होऊन वर दहा वर्षे उरली.

त्यातली शेवटची दोन मात्र भयंकर गेली.

१४४७ मध्ये वडील शाहरुख वारले आणि वारसाची भांडणे लागली. उलुघ बेगाला दोन मुलगे होते. थोरला अब्दुल लतीफ, धाकटा अब्दुल अझीझ. बापाचा जीव धाकट्यावर. १४४८ मध्ये हेरातेच्या बाजूला तरनाब येथे लढाई झाली. तीत थोरल्याने मर्दुमकी गाजवली. पण विजयाची जी जाहीरपत्रे निघाली ती बापाने धाकट्याच्या नावाने काढली. हेरातेच्या किल्ल्यात थोरल्याचे धन होते; तेही त्याला दिले नाही. दुसऱ्या वर्षी अब्दुल लतीफ बापावर चालून आला. १४४९ च्या शरद ऋतूत समरकंदजवळ बाप हरला. माघारी आला तर शहराचे दरवाजे त्याला बंद! शेवटी तो मुलाच्या स्वाधीन झाला. मक्केच्या यात्रेला जाऊ द्यावे एवढे मागितले, आणि परवानगी मिळाली. पण शहरापासून थोड्याच अंतरावर, २७ ऑक्टोबर १४४९ रोजी, वाटेत त्याचे शिर उडवण्यात आले. धाकट्या भावालाही अब्दुल लतीफाने सोडले नाही. आणि तो स्वतः? सहासात महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारले.

कन्या काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, एवढे तारे बघत होता, मुलाची पत्रिका नाही बघितली त्याने?"

दंतकथा तसेच सांगतात. ग्रहांनी बापाला आधीच सांगितले होते, म्हणून तो थोरल्याला दूर ठेवी, म्हणून थोरला उलटला. मी ही दंतकथा सांगायला तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. "पत्रिका कशाला बघायला हवी? लढाई जिंकली एकानं आणि पेढे वाटले दुसऱ्याच्या नावानं! हे कळायला ग्रह लागतात होय? पोराच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं."

एवढा इतिहास वाचून जे मला शब्दांत सापडत नव्हते ते पोळी लाटता लाटता सांगून झाले. ज्याने सूर्याचा कवडसा बोटभर चुकू दिला नाही, त्याला शेजारच्या आसनावर बसलेल्या मुलाचा चेहरा वाचता आला नाही. मला वाटते, दंतकथा लोकांना आवडली ती यासाठी, की तीत दोष ताऱ्यांकडे जातो. तारे बिचारे काय बोलणार! पण ती विजयपत्रे ताऱ्यांनी लिहिली नव्हती. घराघरांतून एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर मांडले जातात. बक्षीस एकाला मिळते आणि कौतुक दुसऱ्याचे होते. तिथे तलवारी नसतात म्हणून गोष्ट इतिहासात जात नाही, एवढेच.

उलुघ बेगाला पुढे तैमूराच्याच घुमटाखाली पुरण्यात आले. १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या पथकाने ती थडगी उघडली. उलुघ बेगाच्या मानेच्या मणक्यावर शस्त्राचा घाव स्पष्ट दिसत होता. बखरकारांनी खोटे लिहिले नव्हते.

आणि वेधशाळा? राजा मारला गेल्यावर तिच्या शत्रूंनी ती लगोलग जमीनदोस्त केली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, कारण तीत कोणी तरी दुष्ट असतो. पण बाबराने समरकंद जिंकले ते १४९७ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने त्या टेकडीजवळच्या तीन मजली वेधशाळेचे वर्णन केले आहे. जगात अशा वेधशाळा सातआठच झाल्या असाव्यात असे सांगून तो हिंदुस्थानातल्या, विक्रमादित्याच्या काळच्या, उज्जैन आणि धार इथल्या वेधांचाही उल्लेख करतो. म्हणजे इमारत उभी होती. नव्हते ते रोज माध्यान्ही आत जाऊन कवडसा टिपणारे कोणी. वेधशाळा पाडावी लागत नाही. तिथे जायचे थांबले की पुरे. मग गावकऱ्यांना विटा लागतात, पावसाला भिंती सापडतात, आणि पिढ्या जाता जाता ती जागा कोणती हेसुद्धा लोक विसरतात. कूहकच्या बाजूला नुसता मातीचा उंचवटा राहिला.

आता तो जुना कागद. वासिली व्यात्किन नावाचा एक रशियन गृहस्थ समरकंदात जुनी दप्तरे चाळत असे. त्याला सतराव्या शतकातला एक वक्फनामा मिळाला. धर्मादाय दिलेल्या जमिनीचा तो दस्त. आणि जमिनीचा दस्त म्हटला की त्यात खाणाखुणा आल्याच. आमच्याकडे नाही का, पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा? तशाच खुणांत लिहिले होते: रसदची टेकडी. कोणा कारकुनाने सहज लिहिलेले दोन शब्द! व्यात्किनने १९०८ मध्ये तिथे खणले, आणि मातीखालून तो खंदक निघाला. आत संगमरवरी फरसबंदीचा कंस, त्यावर अंशांच्या खुणा कोरलेल्या. वरची इमारत गेली होती. त्याबरोबर कंसाचा वरचा, हिवाळ्याचा भागही गेला. खडकात होता तो उन्हाळ्याचा भाग तेवढा राहिला. व्यात्किन १९३२ मध्ये वारला. त्याचे थडगे आज त्याच टेकडीवर आहे.

'रसद' या शब्दापाशी माझ्यातला मराठीचा मास्तर थबकला. आमच्याकडे रसद म्हणजे फौजेचा दाणागोटा. फारसीत कानाला सारखे वाटणारे दोन शब्द आहेत, लिहायचे मात्र वेगवेगळे. एकाचा अर्थ पुरवठा, दुसऱ्याचा अर्थ आकाशाचा वेध. त्यावरून वेधशाळा ती रसदखाना. मराठीने पहिला उचलला, दुसरा तिकडेच ठेवला. पोटाची रसद घेतली, आभाळाची राहिली! पण भाषेला नावे ठेवण्याआधी पुढचे ऐकावे.

राजाच्या वधानंतर अली कुशजी समरकंदात राहिला नाही. ससाणे सांभाळणाऱ्याचा तो मुलगा विद्या घेऊन पश्चिमेकडे निघाला. तब्रीझला राहिला, तिथून इस्तंबूलला गेला, तिथल्या सुलतानाच्या आश्रयाने शिकवू लागला, आणि १४७४ मध्ये तिथेच वारला. ग्रंथाच्या नकला हातोहात पसरल्या. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला टॉमस हाइड याने ती ताऱ्यांची यादी लॅटिन भाषांतरासह छापली. आणि पूर्वेकडे तोच ग्रंथ आपल्याकडे आला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे वेधशाळा बांधल्या. पितळी यंत्रे झिजतात, हलतात, म्हणून त्याने समरकंदसारखी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. त्याच्या ग्रंथातली ताऱ्यांची यादीही उलुघ बेगाचीच, मधल्या तीनशे वर्षांत तारे जेवढे सरकले तेवढा फरक मिळवून घेतलेली. मथुरेची वेधशाळा आज उरलेली नाही. जयपूरची आहे, आणि २०१० पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

समरकंदच्या त्या महायंत्राचे नाव होते 'सुद्स-इ-फख्री'. सुद्स म्हणजे सहावा भाग, कारण कंस हा वर्तुळाचा षष्ठांश; आणि दहाव्या शतकात इराणात असे यंत्र प्रथम झाले तेव्हाच्या फख्रउद्दौला या राजावरून फख्री. जयपुरात सम्राट यंत्राला लागून एक अंधारी खोली आहे. तिच्यात दक्षिणोत्तर कंस आहे, वर बारीक छिद्रे आहेत. त्या यंत्राचे संस्कृत नाव षष्ठांश यंत्र. सुद्स म्हणजे षष्ठांश! आभाळाची रसद अशी आमच्याकडे आली, नाव बदलून.

मला या साऱ्यात कुशजीचे फार वाटते. राजा गेला, मित्र गेले, गुरू आधीच गेले होते. आणि मागे राहिलेली इमारत तर काखोटीला मारून नेता येत नाही. त्याने नेले ते आकडे, आणि ते आकडे कसे काढायचे ही रीत. शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला याहून जास्त काही नेता येतही नाही. पण हे मात्र कोणत्याही दरवाजातून नेता येते.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. दाराबाहेर कंदील लावून झाला, फटाके थोडे थंडावले, की जरा गच्चीवर जाऊन वर पाहावे. जे दिसेल त्यातले पुष्कळसे त्या १०१८ जणांच्या यादीतले असेल. आणि दुसरे दिवशी माध्यान्ही, जयपूरच्या त्या अंधाऱ्या खोलीत छिद्रातून कवडसा उतरेल आणि कंसावर आपल्या अंशाशी येऊन टेकेल. त्या वेळी तिथे टिपायला कोणी उभे असावे, एवढेच त्याचे मागणे असते.